परत येण्याचं कारण

"घरी न्यायला हरकत नाही," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा धाकटीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे आणि मग उगाचच भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचनेकडे. हे वाक्य ऐकायला सगळं घर कान टवकारून बसलं होतं, आणि प्रत्यक्ष ऐकलं तर कुणाचा विश्वास बसेना. न्यूमोनियाने बाबांची फुप्फुसं अशी काही धरली होती की दादासुद्धा मध्यंतरी जिन्यात तोंड फिरवून रडला होता. एरवी घराला आग लागली तरी आधी चपला शोधणारा माणूस तो. आता ताप उतरला होता, डोळ्यांत जान आली होती आणि बाबांनी सकाळी उठल्याउठल्या कुणाला न विचारता पायात बूट चढवून ठेवले होते. नाकात ऑक्सिजनची नळी, अंगात हॉस्पिटलचा झगा आणि खाली काळे बूट. नर्सने काढायला सांगितले तर म्हणाले, "पाय माझे आहेत ना?"

"फक्त काही आठवडे घरी ऑक्सिजन लागेल," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या मशीनची सोय करा, आजच सोडतो. पण आजच हं. उद्यापासून मी रजेवर आहे, आणि माझ्या जागी येणाऱ्या मॅडम सगळं पहिल्यापासून तपासल्याशिवाय कुणाला हलू देत नाहीत."

"मशीन ना? होईल की," धाकटी म्हणाली. ती हे इतक्या ऐटीत म्हणाली की आईने तिच्याकडे वळून पाहिलं.

ऐट अगदीच बिनबुडाची नव्हती. आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू फुकट वापरायला देणारं एक केंद्र गावात होतं. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, डोक्याकडून वर होणाऱ्या कॉट, ऑक्सिजनची मशीनं. गरज असेपर्यंत न्या, झालं की परत आणा. त्या केंद्राचं वेब ॲप्लिकेशन धाकटीने बांधलं होतं. ऑफिस सांभाळून, शनिवार-रविवार घालून, एक पैसा न घेता. हॉस्पिटलच्या काउंटरवरही तेच उघडायचे. कुठली वस्तू शिल्लक आहे ते तिथल्या तिथे दिसायचं, बुकिंग केलं की नंबर यायचा, आणि तो नंबर कागदावर चढला की पेशंट घरी. हा शेवटचा भाग धाकटीला फार आवडायचा. आपण लिहिलेल्या चार ओळींमुळे कुणीतरी संध्याकाळी स्वतःच्या गादीवर झोपतं, या कल्पनेवर ती अख्खा सोमवार काढू शकायची.

केंद्र चालवायच्या एक बाई. शाळेत आयुष्यभर पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज मैदानभर पोचणारा, आणि अजूनही गळ्यात शिट्टी. धाकटीच्या आधी कुणा हौशी माणसाने त्यांना एक प्रोग्रॅम करून दिला होता. त्यात एकच मोठा तक्ता होता आणि सगळ्या वस्तूंना तेच रकाने. चाकांचा व्यास, उंची, मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन. एकही रकाना मोकळा ठेवलेला चालायचा नाही. कुबड्यांची जोडी नोंदवायला घेतली की प्रोग्रॅम विचारायचा, मिनिटाला किती लिटर? बाईंनी चिडून तिथे 'पुष्कळ' असं लिहून ठेवलं होतं. ते वाचून धाकटी खुर्चीतून पडेस्तोवर हसली होती, आणि मग तिने तो तक्ताच मोडीत काढला.

तिने डॉक्युमेंटवाला डेटाबेस घेतला. म्हणजे तक्ता नाही, रकाने नाहीत; प्रत्येक वस्तूचं आपलं एक डॉक्युमेंट. व्हीलचेअरच्या डॉक्युमेंटात चाकं, मशीनच्या डॉक्युमेंटात लिटर आणि चाललेले तास, कुबड्यांच्या डॉक्युमेंटात नुसती उंची. "ज्याला जे आहे तेवढंच लिहायचं," तिने बाईंना समजावलं होतं. "जे नाही ते विचारायचंच नाही." बाई खूश झाल्या होत्या. "म्हणजे सगळ्या पोरींना एकाच मापाचा ट्रॅकसूट नाही तर! हे आधी का नाही सुचलं कुणाला?"

तर अशा या ॲपच्या भरवशावर धाकटी काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. काउंटरवरच्या ताईंनी स्क्रीन पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "ऑक्सिजन मशीन, शिल्लक शून्य."

"असं कसं? पुन्हा उघडून बघता?"

"तीनदा उघडलं. गेले बरेच दिवस शून्यच दाखवतंय. हल्ली मागणी फार आहे बहुतेक."

धाकटीने आपल्या फोनवर उघडून पाहिलं. शून्य. तोच निळा रंग, तोच गोल अंक, तिने स्वतः निवडलेला. केंद्राला फोन लावला तर एंगेज. बाईंचा फोन पहिल्या झटक्यात लागला तर सूर्य पश्चिमेला उगवायचा, हे तिला ठाऊक होतं. पेशंटच्या नातेवाइकांशी त्या तास तास बोलत बसायच्या. दादाने भाड्याने मशीन देणाऱ्या दुकानांना फोन लावले. एकाने परवा या म्हटलं, दुसऱ्याने उचललाच नाही. बाबांनी हे सगळं ऐकलं होतं.

"तुझ्याच कॉम्प्युटरने मला अडकवलं होय?" ते म्हणाले. दम लागत होता, तरी टोमणा मारल्याशिवाय राहवेना. "लहानपणी तुला खोलीत कोंडायचो, त्याचा सूड काय गं?"

सगळे हसले. पण हसता हसता बाबांनी डोळे मिटून घेतले, आणि उशीवर मान टाकून हळूच म्हणाले, "आज घरी ने बाई. इथे झोप येत नाही मला." त्यांना असं विनवताना धाकटीने कधीच ऐकलं नव्हतं. ती खाली आली, स्कूटर काढली आणि केंद्राकडे निघाली. मनात एकच होतं: बाईंच्या पायाशी बसायचं, आणि जे पहिलं मशीन परत येईल ते आपल्या बाबांना द्या म्हणून हट्ट धरायचा. रांग मोडणारं कुणी आलं तर बाई शिट्टी वाजवतात, हेही तिला माहीत होतं. वाजवू देत.

केंद्र एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या खोल्यांत होतं. पुढच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर आणि बाई, बाई फोनवर. "हो, हो, रडा. रडून घ्या," त्या सांगत होत्या. धाकटीला बघून त्यांनी हाताने बस अशी खूण केली. बसण्याइतका धीर तिच्यात नव्हता. ती मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि तिथेच खिळली.

भिंतीला लागून ऑक्सिजनची मशीनं उभी होती. एक नाही, दोन नाही, चांगली ओळच. पुसून लख्ख केलेली, नव्या नळ्या पिशवीत घालून वर बांधलेल्या, प्रत्येकावर धुतलेलं कापड घातलेलं.

आधी तिचा जीव असा काही भांड्यात पडला की तिने दाराची चौकट धरली. बाबा आज घरी जाणार. आणि मग, पुढच्याच श्वासाला, तिचं टाळकं सरकलं.

"बाई!" ती ओरडली. "ही सगळी मशीनं इथे आहेत?"

बाईंनी फोन ठेवला. "मग कुठे असणार?"

"ॲपवर शून्य दिसतंय! सगळी बाहेर आहेत म्हणतंय! माझे बाबा न्यूमोनियातून उठून तिकडे बूट घालून बसलेत, डॉक्टर उद्या रजेवर जातायत, आणि तुम्ही मशीनं परत आल्याचं नोंदवलंच नाहीये?"

बाईंचा चेहरा एकदम उतरला. मैदानभर आवाज करणारी ही बाई पदराशी, म्हणजे गळ्यातल्या शिट्टीशी, चाळा करायला लागली. "नोंदवायला जाते गं," त्या म्हणाल्या. "पण ते पुढे जाऊच देत नाही."

"काय जाऊ देत नाही?"

बाईंनी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला आणि एका मशीनचं डॉक्युमेंट उघडलं. खाली 'परत आलं' असं बटण होतं, फिकट, दाबलं तरी न दबणारं. त्याच्या वर एक प्रश्न होता. परत येण्याचं कारण. त्याखाली निवडायला तीन पर्याय: बरे झाले, निधन, इतर. एक निवडल्याशिवाय बटण उजळत नव्हतं.

धाकटीने तो प्रश्न ओळखला. तिनेच घातला होता. केंद्रामागच्या संस्थेच्या अध्यक्षसरांना देणगीदारांपुढे दाखवायला एक गोल रंगीत चित्र हवं होतं, किती जण बरे झाले त्याचं, आणि तिने बसल्याबसल्या अर्ध्या तासात हा प्रश्न टाकून दिला होता. सक्तीचा. सक्ती केली नाही तर लोक भरत नाहीत, हा तिचा ऑफिसातला अनुभव.

"मग निवडायचं की एक," ती म्हणाली, पण तिचा आवाज आधीच खाली आला होता.

"कुबड्या परत आल्या की निवडते. पोरं नाचत येतात, मी 'बरे झाले' दाबते. ते सगळं बरोबर दिसतंय बघ तुझ्या ॲपवर." बाई थांबल्या. "पण ऑक्सिजनचं मशीन आणून द्यायला सून येते. नाहीतर मुलगा येतो. इथे समोर उभा असतो. हातात मशीनची वायर नीट गुंडाळलेली असते त्याच्या. आणि त्याच्यादेखत मी निधन दाबू? यादीतून निवडून?"

"ते गेल्यावर दाबायचं."

"गेल्यावरही हात होत नाही. मी त्या माणसांशी रोज फोनवर बोललेली असते."

"मग निदान इतर तरी दाबायचं, बाई!"

"इतर?" बाई एकदम ताठ झाल्या. "अगं, माणूस गेला, तो 'इतर' कसा?"

आजवर धाकटीने कितीतरी ठिकाणी 'इतर' लिहिलं होतं, यादीच्या तळाला, पायपुसणं टाकावं तसं. तिथे कोण पाय पुसणार याचा विचार तिने केला नव्हता. तरी राग पुरता गेला नव्हता, आणि तो खराही होता. "आणि ज्यांनी शून्य बघून नाद सोडला, त्यांचं काय? त्यांचा माणूस एक दिवस जास्त अडकला हॉस्पिटलात."

"येतात ना लोक. फोन करतात."

"लागतो कुठे तुमचा फोन?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं, आणि धाकटीच्याही. दोघींचंही चुकलं होतं आणि दोघींनाही ते कळलं होतं. अशा वेळी माणसं एकतर भांडत बसतात नाहीतर कामाला लागतात. धाकटीने बॅगेतून लॅपटॉप काढला.

काम तसं काहीच नव्हतं. याचंच तिला जास्त वाईट वाटलं. डेटाबेसने कधी हट्ट धरलाच नव्हता. कारण लिहिलं काय, न लिहिलं काय, त्याला सगळं चालत होतं. डॉक्युमेंटात एखादी गोष्ट नसली तर नसते, एवढंच. ज्याला जे आहे तेवढंच लिहायचं, असं बाईंना मोठ्या तोंडाने शिकवणारी तीच आणि पुढच्या स्क्रीनवर पहारेकरी बसवणारीही तीच. तिने तो प्रश्न काढून टाकला. अख्खाच. बटण उजळलं.

"सरांना काय सांगशील?" बाईंनी विचारलं.

"सांगेन, किती मशीनं कामात आहेत त्याचं चित्र काढून देते. तेही गोल आणि रंगीत. खूश होतील."

मग दोघी मागच्या खोलीत गेल्या. धाकटी लॅपटॉप मांडीवर घेऊन एका उलट्या खोक्यावर बसली. बाई एकेका मशीनवरचं कापड उचलायच्या, चिकटवलेला नंबर वाचायच्या आणि धाकटी ते डॉक्युमेंट उघडून परत आल्याचं नोंदवायची. तिला घाई होती, डोक्यात बाबांचे काळे बूट होते. पण बाई नुसता नंबर वाचून थांबेनात.

"हे ट्रॅफिक हवालदाराकडे होतं. बायको सांगायची, झोपेतसुद्धा हात करून गाड्या थांबवायचे."

परत आलं.

"हे त्या आजींचं. मशीनच्या आवाजाने झोपमोड होते म्हणायच्या, आणि जरा बंद केलं की, आता इतकं शांत का झालं म्हणून हाका मारायच्या."

परत आलं. धाकटीला हसू आलं. शेवटी तिच्याने राहवेना. "बाई," तिने विचारलं, "ऑक्सिजनचं मशीन नेलेलं कुणी बरं होऊन आलंच नाही का?"

बाईंनी जीभ चावली. "येतात की! अगं, तसं नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक खूप थकलेले, म्हातारे, डॉक्टरांनीच घरी पाठवलेले. तुझ्या बाबांचं तसं नाही. न्यूमोनिया बरा होतो. बूट घालून बसलेत म्हणालीस ना? बूट घालणारी माणसं वेगळी असतात." हे बोलताना त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, चांगली सणसणीत, धावण्याच्या शर्यतीआधी मुलींना मारत असतील तशी. वैद्यकीयदृष्ट्या या बोलण्याला काडीचा अर्थ नव्हता. पण धाकटीला बरं वाटलं, आणि ती पुढच्या नंबराकडे वळली.

ओळ संपायच्या आतच तिचा फोन वाजला. दादा होता, आणि त्याच्या आवाजामागे काउंटरवरच्या ताईंचाही आवाज येत होता. "दिसलं! दिसलं! आकडा वर चढतोय गं, काय केलंस काय तू? ताईंनी बुक केलं, नंबर आला!"

धाकटीने खोक्यावर बसल्याबसल्या लॅपटॉपवर डोकं टेकलं आणि मनसोक्त रडली. बाईंनी तिला रडू दिलं. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी केंद्राच्या टेम्पोवाल्याने मशीन घरी आणून लावलं, आणि पाठोपाठ दादा आणि आई बाबांना घेऊन आले. बाबांनी दारात बूट काढले, भिंत धरत आपल्या खोलीत गेले, आपल्या गादीवर आडवे झाले आणि "हं" एवढंच म्हणाले. मशीन घुं घुं करत सुरू झालं. आईने दिवा मालवण्याआधीच ते घोरायला लागले होते. आई, दादा आणि धाकटी, तिघंही उगाच दारात उभं राहून ते घोरणं ऐकत राहिली. एरवी या घोरण्यापायी आई उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जायची. त्या दिवशी ती तिथेच खाली अंथरूण घालून झोपली.

पुढचे आठवडे हळूहळू गेले. आधी चोवीस तास मशीन, मग फक्त झोपताना, मग डॉक्टर रजेवरून येऊन पुन्हा कामात बुडाल्यावर एकदा तपासून म्हणाले, "काढा आता ते." नळी काढली त्या दिवशी बाबांनी घरभर फेऱ्या मारल्या आणि सगळ्यांच्या कामात नाक खुपसलं. आता नाक मोकळं आहे, असं वर ऐकवलंही. मशीन न्यायला टेम्पो येणार होता, पण ते अडूनच बसले. मी नेलं नाही, निदान परत तरी मीच देणार.

म्हणून एका दुपारी केंद्राच्या दारात धाकटी, तिच्यामागे मशीन उचललेला दादा आणि "सांभाळून, सांभाळून" करत दादाच्या मध्ये मध्ये येणारे बाबा, अशी वरात दाखल झाली. बाई फोनवर होत्या. त्यांनी पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्याचं बोलणं संपायच्या आत फोन ठेवला.

"हेच का ते बूटवाले?"

"हेच," धाकटी म्हणाली.

बाईंनी बाबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, दोनदा मान हलवली आणि कॉम्प्युटरपुढे बसल्या. मशीनचं डॉक्युमेंट उघडलं. खाली गेल्या, वर आल्या, पुन्हा खाली गेल्या.

"अगं, ते कुठे गेलं?"

"काय?"

"'बरे झाले'!"

"काढलं ना बाई. तो प्रश्नच काढला. तुम्हालाच नको होता."

"मला ते दुसरं नको होतं! हे कुणी काढायला सांगितलं?" बाईंचा मैदानावरचा आवाज परत आला होता. "एक माणूस मशीन घेऊन स्वतःच्या पायांनी चालत आलाय, आणि मला ते लिहायला जागा नाही?"

"मशीन मी आणलंय," दादा म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

धाकटी बघतच राहिली. मग तिला इतकं हसू फुटलं की बाबाही, कशाला ते न कळता, हसायला लागले. "लिहिता येईल," ती म्हणाली. "या डेटाबेसमध्ये तेच तर सोपं आहे. सगळ्यांना घालायची गरज नाही. फक्त बाबांच्या नोंदीत घालू." तिने लॅपटॉप उघडला, त्या एका डॉक्युमेंटात एक नवी ओळ घातली आणि लॅपटॉप बाईंपुढे सरकवला. "घ्या. काय हवं ते लिहा. यादी नाही, पर्याय नाहीत."

बाईंनी दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, पुरता वेळ घेऊन लिहिलं: बरे झाले. स्वतः आले. आवाज मोठा आहे, फुप्फुसं उत्तम. मग त्यांनी शाळा सुटल्याची घंटा द्यावी तसं बटण दाबलं. धाकटीने ते वाचलं, बाबांचा हात धरला आणि जरा वेळ सोडलाच नाही.

स्क्रीनवर मशीनांचा शिल्लक आकडा एकाने वाढला. ते सगळे बघत असतानाच तो पुन्हा एकाने कमी झाला. हॉस्पिटलच्या काउंटरवरून कुणीतरी लगेच बुकिंग केलं होतं.

"चला!" बाईंनी शिट्टी वाजवली. टेम्पोवाला धावत आला. "नवी नळी लाव. आज संध्याकाळी एक पेशंट घरी जातोय."

टेम्पोवाल्याने मशीनला हात घातला तेव्हा बाबा मध्ये आले. त्यांनी रुमालाने मशीनच्या डोक्यावरची नसलेली धूळ पुसली.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "सुरुवातीला आवाजाने झोप येणार नाही. घाबरू नका म्हणावं. दोन रात्री गेल्या की येते."